स्प्लिट प्लॉट की फॅक्टोरियल आरबीडी? प्लॉट तर दोन्हींत 36च

रब्बीवाला: एमएस्सी अ‍ॅग्री, अ‍ॅग्रोनॉमी. गव्हावर पाण्याच्या 3 पातळ्या (आयडब्ल्यू/सीपीई, म्हणजे दिलेलं पाणी भागिले साठत गेलेलं बाष्पीभवन: 0.6, 0.8, 1.0) आणि नत्राच्या 4 मात्रा. 3 रेप (सगळा संच तीनदा), म्हणजे 36 प्लॉट. गाइड सर म्हणतात स्प्लिट टाक. सीनियर म्हणतो एफआरबीडी (फॅक्टोरियल रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) घे, अ‍ॅनालिसिस सोपं जातं. प्लॉट तेवढेच, मग अडतंय कुठे?

बांधावरची_ताई: पाण्यात अडतंय. एफआरबीडीत रेपमधल्या बाराही ट्रीटमेंटच्या चिठ्ठ्या एकत्र टाकायच्या. मग 0.6चा वाफा 1.0च्या शेजारी येणार, आणि पाणी काही तुझा लेआउट बघून थांबत नाही. कोरड्या वाफ्याच्या कडेच्या ओळी हिरव्यागार दिसल्या की समजायचं. प्रत्येक वाफ्याभोवती बफर (रिकामा पट्टा) सोडायचं तर रान पुरत नाही. म्हणून पाणी मेन प्लॉटला, म्हणजे मोठ्या वाफ्याला, आणि नत्र त्यातल्या छोट्या सब प्लॉटला. रेपमध्ये आधी पाण्याच्या तीन चिठ्ठ्या, मग प्रत्येक मेन प्लॉटमध्ये नत्राच्या चार, दर वेळी नव्याने. (पहिल्या रेपचाच क्रम पुढे गिरवणारे महाभाग दर वर्षी भेटतात.)

आता एरर (ट्रीटमेंटमुळे नसलेला, योगायोगाचा फरक) दोन होतात. पाण्याच्या वाट्याला एरर (अ), फक्त 4 डीएफ (डिग्री ऑफ फ्रीडम; जितके कमी तितका एररचा अंदाज कच्चा). पाण्याचा फरक 5 टक्के पातळीवर सिग्निफिकंट ठरायला एफ (ट्रीटमेंटचा फरक भागिले एरर) 6.94च्या वर जायला हवा. नत्र आणि इंटरॅक्शनला (पाणी-नत्राच्या एकत्र परिणामाला) एरर (ब), 18 डीएफ. ज्या घटकातला बारीक फरक पकडायचाय तो सब प्लॉटला ठेवतात तो यासाठीच. रानात स्प्लिट आणि कागदावर एफआरबीडी केलंस तर एकच एरर, 22 डीएफ, पाण्याला 3.44 पुरतात आणि नसलेला फरकही सिग्निफिकंट दिसू शकतो. व्हायव्हाला गेले की मी आधी डीएफचाच रकाना बघते.

मनोमन: आमच्या मानसशास्त्रात मिक्स्ड डिझाइन असतं: दोन गट, प्रत्येकाची चाचणी तीनदा. म्हणजे माणूस हाच मेन प्लॉट ना?

बांधावरची_ताई: बरोब्बर. गट मेन प्लॉटवरचा घटक, वेळ सब प्लॉटवरचा. फक्त वेळेच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. लागोपाठच्या चाचण्या एकमेकींशी जास्त जुळतात, म्हणून तुम्हाला मॉचली (हे तपासणारी कसोटी) बघून ग्रीनहाउस-गायसर (डीएफ कमी करणारी दुरुस्ती) लावावं लागतं. आमचं ते काम चिठ्ठ्यांनी भागतं.

रब्बीवाला: ताई, 4 रेप घेतले तर?

बांधावरची_ताई: 48 प्लॉट, एरर (अ) 6 डीएफ, अट 5.14वर येते. रान आणि मजूर मिळत असतील तर घेच. पण पेरणीआधी सरांच्या कानावर घाल, आणि जागा वाचवायला दोन मेन प्लॉटांच्या मधला बफर कापू नकोस.