विषय: यूजीसारखी कंपनी नागपुरात निघेल का?

मंडळातील सर्वांना नमस्कार,

स्टुटगार्टला मी एकट्याची यूजी, म्हणजे कमी भांडवलाची जर्मन कंपनी, चालवतो. धाकटा भाऊ काटोलला असतो. बुटीबोरीत गाळा घेऊन संत्र्याची प्रतवारी आणि रस काढायचं युनिट टाकू, असं तो म्हणतो. पैसा बहुतेक माझा, माल आजूबाजूच्या बागायतदारांचा. एका माणसाची कंपनी भारतातही निघते म्हणे, तिला ओपीसी म्हणतात, तीच काढावी असं डोक्यात आहे. माझा पासपोर्ट आता जर्मन आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे. कुणाला यातलं माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रसाद

---

प्रसाद,

मी नागपूरला परतले तरी मंडळाच्या यादीवर आहेच, आणि कंपन्यांची कागदपत्रं करणं हाच माझा व्यवसाय आहे.

ओपीसीचा विचार सोड. तिचा सभासद भारतीय नागरिकच लागतो. 1 एप्रिल 2021 पासून परदेशात राहणाऱ्या नागरिकालाही ती काढता येते, पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भाऊ काढू शकेल, मात्र तिथे भागधारक एकच. पैसा तुझा आणि मालक तो, असं होईल. आज दोघांत गोडी आहे, म्हणून कागद आजच नीट करायचा.

शिवाय यूजी म्हणजे ओपीसी नव्हेच. यूजी ही कमी भांडवलाची जीएमबीएच, म्हणजे जर्मनीतली प्रायव्हेट लिमिटेड. एका युरोत निघते, पण 25,000 युरो भांडवल होईपर्यंत दरवर्षी नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, हे तू भोगतो आहेसच. पूर्ण जीएमबीएचला 25,000 लागतात, त्यातले निदान निम्मे नोंदणीआधी भरायचे. कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांच्यासाठी तिजोरीत काहीतरी असावं, हा जर्मन कायद्याचा आग्रह. बाकीच्यांनी तो सोडला. हॉलंडने बीव्हीची, म्हणजे तिथल्या प्रायव्हेट लिमिटेडची, 18,000 युरोची अट 2012 मध्ये काढली, आपल्याकडची प्रायव्हेट लिमिटेडची एक लाखाची अट 2015 मध्ये गेली, आणि इंग्लंडात एका पौंडाच्या एका शेअरवर लिमिटेड उभी राहते. त्यामुळे भांडवल किती लागतं यावर डोकं शिणवू नकोस. शेअर कुणाकडे जाऊ शकतो आणि बँकेच्या कागदावर सही कुणाची, हे दोन प्रश्न धर.

जीएमबीएचचा हिस्सा विकायचा तर नोटरीसमोर बसावं लागतं आणि तो अख्खा करार वाचून दाखवतो. इथे तसं कुणी वाचून दाखवत नाही. प्रायव्हेट लिमिटेडने हस्तांतरणावर बंधन घालायचं हे कायद्यात आहे, पण ते कसं, हे कंपनीच्या नियमावलीत आपणच लिहायचं. बहुतेक लोक छापील मसुदा उचलतात आणि भांडण झाल्यावर तो पहिल्यांदा वाचतात. शेअर विकण्याआधी दुसऱ्या भागधारकाला विचारायचं का, किंमत कोण ठरवणार, एखादा भागधारक वारला तर वारसांचं काय, एवढं स्पष्ट लिहून घे.

आता सही. कंपनी वेगळी आणि मालक वेगळा, हे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सालोमन खटल्यात ठरवलं. त्या कंपनीच्या 20,007 शेअर्सपैकी 20,001 एकट्या सालोमनचे होते, तरी कंपनीचं देणं त्याच्या अंगावर आलं नाही. पण लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. ती दिली की त्या कर्जापुरतं 'लिमिटेड' उरत नाही. कंपनीची दिवाळखोरी निस्तरली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. तू स्टुटगार्टला, म्हणजे बँकेत सही भाऊच करणार. त्याच्या राहत्या घराकडे पाहून ठरव. हमीला रकमेची मर्यादा घालून मागा, आणि कर्ज कमी ठेवून तुझा पैसा शेअर्समध्ये जास्त घाल.

सुनीता, धरमपेठ

---

ताई, फार आभार. म्हणजे दोघांची प्रायव्हेट लिमिटेड. पण भाऊ म्हणतो, बागायतदारांनाही भागधारक करू, उत्पादक कंपनीच काढू. ते कसं राहील? आणि सोबत एखादी बाग कंपनीच्या नावावर घेता येईल का?

प्रसाद

---

प्रसाद,

बागेचं विसर. प्रक्रिया उद्योगात ओसीआयचा पैसा चालतो, शेतीत आणि बागायतीत नाही.

उत्पादक कंपनी चांगली चीज आहे, पण ती तुझी होणार नाही. तिला निदान दहा उत्पादक लागतात, आणि शेअर कितीही असले तरी प्रत्येकाला मत एकच. शेअर दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, दर्शनी किमतीला आणि संचालक मंडळाच्या मंजुरीने देता येतो. संत्री न पिकवणाऱ्या वारसालाही तो परत करावा लागतो. तू बागायतदार नाहीस, त्यामुळे तुला सभासदत्वच मिळणार नाही. बागायतदारांनी त्यांची उत्पादक कंपनी काढावी, तुम्ही दोघांनी प्रायव्हेट लिमिटेड, आणि दोन कंपन्यांत मालाचा करार करा. त्यात भाव, प्रतवारी आणि आंबिया-मृग बहाराच्या तारखा असू देत. मग दर पडला तरी त्यांचं संत्रं अन् तुझं भांडवल एकमेकांत अडकणार नाही.

निदान एक संचालक वर्षात 182 दिवस भारतात राहणारा हवा, तो भाऊ होईल. पैसा पाठवण्याआधी तो पुढेमागे जर्मनीला परत न्यायचा की नाही, हे ठरवून मला कळव. परत न्यायचा असेल तर पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यावे लागतात, आणि त्यानंतर 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर, म्हणजे शेअर दिल्याचा फॉर्म, भरायचा असतो.

सुनीता