सरकारी हमी असूनही बँक नजरगहाण आणि वैयक्तिक हमी का मागते?

प्रश्न:
सुटे भाग बनवणाऱ्या माझ्या छोट्या कारखान्यासाठी सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र घ्यायचे असून, सरकारी हमी असलेल्या योजनेतून कर्जासाठी अर्ज केला आहे. हमी सरकारची असल्यामुळे बँकेला आणखी काही लागणार नाही, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात यंत्राचे नजरगहाण (यंत्र माझ्याच ताब्यात, पण तारण म्हणून त्यावर बँकेचा हक्क), माझी वैयक्तिक हमी आणि वर हमी शुल्कही मागितले जात आहे. मग या हमीचा उद्योजकाला नेमका उपयोग काय? आणि धंदा बुडाल्यास सरकार कर्ज फेडते, हे कितपत खरे आहे?

प्रतिसाद १:
आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ही हमी बँकेला दिलेली असते. कर्ज थकले की हमी देणारी संस्था बँकेच्या नुकसानीचा ठरलेला वाटा भरून देते. कर्जदाराचे देणे मात्र त्यामुळे एका पैशानेही कमी होत नाही. जपानमध्ये तर हमी महामंडळ बँकेचे पैसे चुकते करते आणि नंतर स्वतःच कर्जदाराकडे वसुली करते. तिथे पूर्वी बहुतेक कर्जांना १०० टक्के हमी असे, परंतु सगळी जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात पडली की बँका कर्जदाराची पारख करण्यात ढिलाई करतात, हे लक्षात आल्यावर २००७ पासून सर्वसाधारण कर्जांसाठी ते प्रमाण ८० टक्क्यांवर आणले गेले. अमेरिकेच्या 'सेव्हन-ए' या छोट्या उद्योगांसाठीच्या कर्जहमी योजनेत दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला साधारणतः ८५ टक्के आणि त्यापुढील कर्जाला ७५ टक्के हमी मिळते. उरलेला वाटा बँकेच्याच माथी असतो, त्यामुळे ती अर्ज कसून तपासणारच.

प्रतिसाद २:
बँक नेमके काय मागते आहे, हे आधी पाहावे. कर्जातून घेतलेले यंत्र नजरगहाण ठेवणे बहुतेक योजनांत रीतसरच असते, आणि मालकाची वैयक्तिक हमीही सर्रास घेतली जाते. 'सेव्हन-ए'मध्ये २० टक्के किंवा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. राहते घर किंवा त्रयस्थाचा जामीन मागणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. भारतात २००० साली सुरू झालेल्या सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या न्यासाच्या हमीचा उद्देशच असे जादा तारण आणि त्रयस्थाचा जामीन टाळणे हा होता.

उपयोगाचे म्हणाल, तर कारखान्याची पुंजी यंत्रांत अडकलेली असते आणि विकायला काढल्यावर यंत्राला खरेदीच्या मानाने फारच कमी पैसे येतात. एकाच ग्राहकाच्या भागांसाठी घडवलेले साचे आणि फिक्स्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी साधने) तर भंगाराच्या भावाने जातात. कर्जाची रक्कम आणि तारणाची खरी किंमत यांतली ही तफावत हमी भरून काढते, म्हणूनच ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही अशा कारागिरांना बँकेचे दार उघडते. मला ही फार मोलाची सोय वाटते.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी अडचण वेगळीच येते. अर्ज केवळ यंत्राच्या मुदत कर्जाचा असतो आणि खेळत्या भांडवलाचा विचारच केलेला नसतो. यंत्र बसते, चाचणी उत्पादनात काही आठवडे जातात, ग्राहक नमुने मंजूर करतो, मग कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो आणि तयार मालाचे पैसे दोन-तीन महिन्यांच्या उधारीनंतर हाती येतात. तेवढ्यात हप्ता सुरू झालेला असतो. हातात भरपूर ऑर्डर असूनही खाते थकते ते अशाने. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जमाखर्च महिन्यानुसार मांडावा, चाचणी आणि मंजुरीच्या काळापुरती मुद्दलाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मागावी, आणि कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी लागेल तशी उचलायच्या कर्जाची) मर्यादाही त्याच हमीत बसते का, हे विचारावे.

हमी शुल्क एकदाच लागणार की दरवर्षी शिल्लक रकमेवर, हे मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. शुल्क वार्षिक असेल, तर दोन बँकांच्या व्याजदरांची तुलना करताना ते व्याजात मिळवूनच हिशेब करावा.