‘परस्परक्रिया’ हा एकच शब्द पुरेल का?

विचारणा:
वनस्पतींना रोग देणाऱ्या जिवाणूंवरचा एक लेख मराठीत आणते आहे. प्लास्मिडवरची जनुके आणि गुणसूत्रावरची जनुके यांच्यात जे चालते त्याला मी सरसकट ‘परस्परक्रिया’ लिहिले. वाचून पाहणाऱ्या मैत्रिणीने दोन शंका काढल्या. रोगाचा गुण प्लास्मिडवर असेल, तर त्यालाच गुणसूत्र का नाही म्हणायचे? आणि परस्परक्रिया म्हणजे नेमके कोण कोणाला काय करते?

प्रतिसाद:
पहिली शंका रास्त आहे, आणि ती आपल्या शब्दामुळेच येते. गुणसूत्र म्हणजे इंग्रजीतला ‘क्रोमोसोम’. त्याच्या मूळ ग्रीक घटकांचा अर्थ ‘रंग’ आणि ‘देह’, कारण पेशीला रंग दिल्यावर ते ठळक दिसले. गुजरातीत म्हणूनच ‘रंगसूत्र’ आहे. आपण ‘गुण’ घातला, आणि सगळे गुण तिथेच असणार असे वाटू लागले. तरी रूढ शब्द मोडू नका. प्लास्मिडला प्लास्मिडच राहू द्या (१९५२ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी घडवलेला शब्द) आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गुणसूत्राबाहेरचा, स्वतःच्या प्रती काढणारा डीएनए’ असे लिहा.

दुसऱ्या शंकेसाठी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू घ्या. गुलाबाच्या खोडाच्या बुडाशी खडबडीत, लाकडासारखी गाठ येते, ती याची. गाठ आणणारा टीआय प्लास्मिड १९७४ मध्ये बेल्जियममधील गेंट इथे सापडला. या जिवाणूचा सी५८ हा वाण नेहमीच्या २८ अंशांऐवजी ३७ अंशांवर वाढवत राहिले तर प्लास्मिड गळून जातो. जिवाणू मजेत जगतो, पण गाजराच्या चकतीवर लावला तर गाठ येत नाही.

म्हणजे सगळे प्लास्मिडच करतो? नाही. झाडाच्या जखमेतून फिनॉलिक द्रव्ये झिरपतात, त्यांची चाहूल व्हिर-ए या प्रथिनाला लागते. त्याचे जनुक प्लास्मिडवर. जखमेतली साखर मात्र सीएचव्ही-ई हे प्रथिन पकडते आणि ती घेऊन व्हिर-एला जाऊन भिडते, तेव्हा इशारा जोर धरतो. सीएचव्ही-ईचे जनुक गुणसूत्रावर. ‘सीएचव्ही’ (क्रोमोसोमल व्हिरुलन्स, म्हणजे गुणसूत्रावरची रोगकारकता) या नावातच ‘गुणसूत्री’ दडलेले आहे. इथे मी ‘साथ देते’ लिहीन.

रॉस हे जनुकही गुणसूत्रावरचे, पण त्याचे काम उलटे. त्याचे प्रथिन प्लास्मिडवरच्या व्हिर-सी आणि व्हिर-डी या जनुकगटांना दाबून ठेवते. रॉस बिघडले की झाडाचा इशारा नसतानाही ते गट चालू होतात. इथे ‘दाबते’, फार तर ‘दमन करते’. साथ आणि दमन दोन्हींना ‘परस्परक्रिया’ म्हटले तर वाचकाच्या हाती काय लागले?

विचारणा करणारी:
सीएचव्ही-ए आणि सीएचव्ही-बी? तीही गुणसूत्रावरचीच ना?

प्रतिसाद:
हो. ती जिवाणूला झाडाच्या पेशीला चिकटायला लागणारी शर्करासाखळी बनवून बाहेर पोचवतात. प्लास्मिडच्या जनुकांना ती हातही लावत नाहीत, पण त्यांच्याविना पुढचे घडत नाही. तिथे ‘पूरक’ चालेल.

दुसरा प्रतिसाद:
एक भर. जनुके एकमेकांना भिडत नाहीत. भिडतात ती त्यांची प्रथिने, किंवा एकाचे प्रथिन दुसऱ्याच्या डीएनएला. वाक्याचा कर्ता प्रथिन ठेवलात तर क्रियापद आपोआप नेमके येईल. शीर्षकात ‘परस्परसंबंध’ ठेवा, मजकुरात क्रियापदे.