सहलीआधी प्रवास विमा: पॉलिसी वाचून घेतलीत की नुसतीच घेतलीत? (अनुभव धागा)

लिंबूटिंबू

मे महिन्यात सासूसासऱ्यांना घेऊन पॅरिस, स्वित्झर्लंड आणि शेवटी पाच दिवस लंडन असा बेत आहे. सासरे ६८, सासूबाई ६४. सासऱ्यांना बीपी आणि दहा वर्षांची शुगर. व्हिसाच्या फायलीला विमा लागतो म्हणून एजंटने एक पॉलिसी जोडून दिली. "मॅडम, व्हिसापुरती आहे, काही होत नसतं," हे वर.

परवा मुलं झोपल्यावर ती पीडीएफ उघडली. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते होतं. पहिल्या पानावर रक्कम ठळक अक्षरात. पण पुढे कुठेतरी आत साठीच्या पुढच्यांसाठी वेगळा तक्ता निघाला: अतिदक्षता विभागाला दिवसाला इतकेच, सर्जनला इतकेच, अँब्युलन्सला इतकेच. म्हणजे वरची मोठी रक्कम सासऱ्यांच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांनी येणार. शुगर आणि बीपीशी संबंधित काहीही वगळलेलं. आणि पॉलिसी चालणार फक्त शेंगेन देशांत. लंडन त्यात येतच नाही! पाच दिवस आम्ही बिनविम्याचे फिरणार होतो आणि कुणालाच पत्ता नव्हता.

म्हणून हा धागा. स्वस्त कुठली आणि कुठली कंपनी चांगली यात नका शिरू, त्याने नुसती भांडणं होतात. पॉलिसी कशी पारखलीत, किंवा न पारखल्याने काय निस्तरावं लागलं, ते लिहा.

निवृत्त पण निवांत

लिंबूटिंबू, वेळेवर पान उघडलंत. आम्ही उघडलं तेव्हा बायको ऑपरेशन थिएटरमध्ये होती.

२०२३ सालची गोष्ट. लेकीचं बाळंतपण म्हणून न्यू जर्सीला सहा महिने. अमेरिकेच्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही, तरी मी शहाणपणा करून इथूनच एक लाख डॉलरची पॉलिसी घेतली होती. एक लाख! नातेवाइकांना अभिमानाने सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यात हिच्या पोटात रात्री असह्य दुखायला लागलं. पित्ताशयात खडे, सूज, शस्त्रक्रिया, दोन रात्री मुक्काम. बिल आलं ४६,००० डॉलर. मी निर्धास्त. लाखाची पॉलिसी आहे ना.

कंपनीकडून मंजूर झाले सतरा हजारांच्या आसपास. साठीच्या पुढे शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा, खोलीला वेगळी, भूलतज्ज्ञाचं मानधन सर्जनच्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांत. शिवाय पहिले १०० डॉलर आपले. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही, सगळं छापलेलं होतं. मी फक्त पहिलं पान वाचलं होतं.

पुढचं लेकीने निभावलं. तिने हॉस्पिटलकडून बाबवार बिल मागवलं. त्यात एक चाचणी दोनदा लावलेली सापडली. मग अर्थसाहाय्याचा फॉर्म मागितला. तिथल्या ना-नफा हॉस्पिटलांना असं धोरण ठेवावंच लागतं, पण आपण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. दोन महिने फोन, पत्रं, पुन्हा फोन. शेवटी रक्कम बरीच खाली आली आणि उरलेली अठरा हप्त्यांत फेडली. जावई एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला जाताना तिथलीच पॉलिसी घेतली. तिथे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम, हप्ता कमी. दुसऱ्यात आपला सुरुवातीचा वाटा सोडून बाकी बिल टक्केवारीने किंवा पूर्ण, हप्ता जास्त. आम्ही दुसरी घेतली. जुना आजार अचानक उसळला तर काय, हा प्रश्न लेखी विचारला. उत्तर आलं की अचानक उसळला आणि चोवीस तासांत डॉक्टर गाठला तर मिळेल, नेहमीची तपासणी आणि गोळ्या मिळणार नाहीत. हिची थायरॉइडची सहा महिन्यांची औषधं आम्ही चितळ्यांच्या बाकरवडीशेजारीच भरली.

टेम्सकाठची

लंडनच्या पाच दिवसांबद्दल. "तिकडे दवाखाना फुकट असतो" या भरवशावर येऊ नका. इमर्जन्सी विभागात तपासतात, उपचार करतात, त्याचे पैसे घेत नाहीत. पण वॉर्डात भरती केलं की इंग्लंडमध्ये परदेशी पाहुण्याला एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल लागतं. माझ्या मावशीला न्यूमोनिया झाला होता. विमा होता म्हणून निभावलं.

शेंगदाणा

माझा अनुभव लाजिरवाणा आहे, चटकन उरकतो. फुकेतला स्कूटर भाड्याने घेतली. पुण्यात जन्म काढलेला, स्कूटर म्हणजे पायातली चप्पल. वळणावर वाळू, मनगट मोडलं. क्लेमसाठी कंपनीने लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना मागितला. परवाना आरटीओत एका वर्षासाठी मिळतो, मी काढलाच नव्हता. आणि लायसन्स बघितलं तर त्यावर फक्त चारचाकी! कॉलेजपासून वीस वर्षं बिनपरवाना गाडी चालवतोय हे मला थायलंडच्या हॉस्पिटलात कळलं. क्लेम शून्य. भाड्याने देणाऱ्याने लायसन्स विचारलं नव्हतं, कंपनीने विचारलं.

डोंगरवेडा

एव्हरेस्ट बेस कॅम्पला आम्ही नऊ जण गेलो होतो. आठ जणांनी ग्रुपचा एकच विमा घेतला, 'साहसी खेळ समाविष्ट' असं वर लिहिलेलं. नवव्याने, म्हणजे आमच्यातल्या किरकिऱ्या सीएने, स्वतंत्र घेतला. आम्ही त्याची टर उडवली.

वाटेतल्या दिंगबोचे गावी (४,४१० मीटर) त्याने आमची पॉलिसी मोबाइलवर वाचून दाखवली. साहसी खेळ म्हणजे राफ्टिंग, बंजी, झिपलाइन. ट्रेकिंग होतं, पण ४,००० मीटरपर्यंतच. बेस कॅम्प ५,३६४ वर. खालचं नामचे गाव सोडल्यावर दुसऱ्याच मुक्कामात आमचा विमा खाली राहिला होता आणि आम्ही वर चाललो होतो.

आणखी वर, लोबुचेच्या मुक्कामी, आमच्यातल्या एकाला रात्री आडवं होता येईना. बसूनच श्वास, छातीत खरखर. ही फुफ्फुसात पाणी साठण्याची लक्षणं, उंचीवरचा खरा जीवघेणा प्रकार. वाटाड्या म्हणाला हेलिकॉप्टर बोलावू, विमा देईल. सीए म्हणाला यांचा देणार नाही. त्याने स्वतःची पॉलिसी काढून दाखवली: तिच्यात उंचीची मर्यादा ६,००० होती, पण तिच्यातही अट अशी की हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कंपनीच्या मदत केंद्राची परवानगी हवी. आपण आधी उडायचं आणि मग कळवायचं असं चालत नाही. नेपाळात विनाकारण हेलिकॉप्टर उडवून विम्याचे पैसे काढण्याचं प्रकरण २०१८ मध्ये चांगलंच गाजलं होतं, तेव्हापासून कंपन्या ताकही फुंकून पितात.

आम्ही पहाट होण्याची वाट पाहिली नाही. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून रात्रीच खाली उतरवायला सुरुवात केली. खाली फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे, तिथे ऑक्सिजन मिळाला, सकाळपर्यंत रंग परतला. खाली उतरणं हेच त्यावरचं पहिलं औषध, हे तिथल्या डॉक्टरनेही सांगितलं. पण उतरता आलं नसतं तर? तेव्हा हेलिकॉप्टर बोलावलंच असतं आणि पैसे आठ जणांनी वाटून भरले असते.

सीएचा फोटो आता ग्रुपचा डीपी आहे.

मोडकी बॅग

मेलबर्नला भाच्याचं लग्न. बॅग सिंगापूरलाच राहिली. काउंटरवर बॅगेची तक्रार नोंदवून त्याचा कागद घ्या, तो नसेल तर पुढे काहीच हलत नाही. मी घेतला होता. बारा तासांनंतर 'उशिराच्या बॅगेचा' लाभ सुरू होत होता, म्हणून मी तेरावा तास संपताच दुकानात. दात घासायचा ब्रश, अंतर्वस्त्रं, जॅकेट, चपला, सगळ्यांच्या पावत्या. आणि तिथल्या भारतीय दुकानातून एक साडी, कारण लग्नाला नाइट ड्रेसवर कशी जाणार?

सगळं मंजूर, साडी नामंजूर. 'अत्यावश्यक वस्तूंत मोडत नाही.' मी ईमेलवर विचारलं की नवऱ्यामुलाच्या मावशीला लग्नात साडी अत्यावश्यक नसेल तर काय अत्यावश्यक असतं. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी बॅग आली, आत पैठणी शाबूत. ती हरवली असती तरी फार मिळालं नसतं, हे नंतर वाचलं. माझ्या पॉलिसीत एका वस्तूला एकूण रकमेच्या १० टक्केच, आणि दागिने, रोकड मुळातच वगळलेली. तेव्हापासून पैठणी केबिन बॅगेत.

खिडकीची सीट

एकाच कंपनीचे दोन क्लेम, एक मिळाला, एक नाही.

१६ एप्रिल २०२४, दुबई. विक्रमी पाऊस पडला आणि विमानतळ पाण्यात. आम्ही एकोणीस तास टर्मिनलवर. विमान कंपनीकडून उशिराचं पत्र घेतलं, कारण 'हवामान'. पॉलिसीत सहा तासांपुढच्या उशिराला ठरलेली रक्कम होती, महिन्याभरात जमा.

२३ जून २०२५, दोहामार्गे बार्सिलोना. कतारने हवाई हद्द बंद केली त्या संध्याकाळी आमचं विमान अर्ध्यातून मुंबईला परतलं. बार्सिलोनाच्या हॉटेलच्या दोन रात्री बुडाल्या. या वेळी पत्रावर कारण 'हवाई हद्द बंद', आणि पॉलिसीत युद्ध व तत्सम परिस्थिती वगळलेली. उशीर तितकाच, आम्ही खुर्चीत झोपलो तितकेच. फरक फक्त कारणाच्या रकान्यात. त्यामुळे मी आता 'उशीर' शब्द बघून थांबत नाही, खाली कोणती कारणं धरली आहेत ती बघतो. आणि रद्द करता येणारं हॉटेल घेतो, भले चारशे रुपये महाग असेना.

काकू डोंबिवलीच्या

तुमचं सगळं परदेशाचं. आम्ही नाशिक, शेगाव, पंढरपूर करणारी माणसं. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना ४५ पैशांच्या विम्याची चौकट येते ना, ती टिक करा. अपघाती मृत्यूला १० लाख, हॉस्पिटलला २ लाखांपर्यंत. पण नुसती टिक करून भागत नाही. नंतर मेसेजमध्ये लिंक येते, त्यात वारसाचं नाव भरायचं असतं. आमच्या भिशीतल्या अकराजणींना विचारलं, एकीनेही भरलं नव्हतं. मी भरलं. ह्यांनी विचारलं, "कुणाचं घातलंस?" म्हटलं, गाडीत तुम्हीही माझ्याशेजारीच असणार, म्हणून लेकाचं घातलं.

पूर्वाश्रमीचा क्लेमवाला

सात वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होतो, क्लेमच्या फायली बघायचो. वरचे सगळे प्रकार पाहिलेत, साडीसुद्धा.

सगळ्यात जास्त घोळ पॉलिसीत नसतो, अर्जात असतो. अर्ज एजंट भरतो, 'मधुमेह आहे का' पुढे 'नाही' वर खूण करतो, म्हणजे हप्ता कमी दिसतो आणि विक्री होते. प्रवाशाला ते ठाऊकच नसतं. मग परदेशी डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत 'मधुमेह, दहा वर्षे' लिहितो, कारण पेशंटनेच प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं. फाइल तिथेच अडते. लिंबूटिंबू, सासऱ्यांच्या अर्जाची प्रत मागवा आणि स्वतः वाचा. पॉलिसीच्याही आधी.

दुसरं, वाचायची सुरुवात मागून करा. आधी वगळलेल्या गोष्टी, मग मर्यादांचा तक्ता, मग क्लेमची रीत, आणि रक्कम सगळ्यात शेवटी. निवृत्तकाकांचे एक लाख डॉलर हे त्याचंच उदाहरण. क्लेमच्या रीतीत बघायचं ते हे की भरती झाल्यावर किती तासांत कळवायचं आणि हॉस्पिटलला थेट पैसे जाणार की आपण भरून नंतर मागायचे.

आणि क्लेम नाकारला म्हणजे संपलं असं नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. आमच्याकडच्या कितीतरी फायली तिथून उलटून आल्या आहेत. मात्र शेंगदाण्याची उलटली नसती.

शेंगदाणा

धन्यवाद. आता टू-व्हीलरचं लायसन्स काढलंय. पहिल्या खेपेला आठ काढताना नापास झालो होतो.

लिंबूटिंबू

अर्जाची प्रत मागवली. 'मधुमेह: नाही. रक्तदाब: नाही.' एजंट म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचं असंच भरतो."

ती पॉलिसी प्रवास सुरू होण्याआधीच रद्द केली, किरकोळ कपात होऊन पैसे परत आले. नवी घेतली, जुने आजार जाहीर करून. जुन्या आजाराला संरक्षण फक्त जिवावर बेतलं तर, आणि तेही मर्यादेत, पण ते ईमेलवर लिहून घेतलंय. साठीच्या पुढचा तुकड्यांचा तक्ता हिच्यात नाही. व्याप्तीत ब्रिटन आहे. हप्ता अडीचपट झाला. नवऱ्याने आकडा बघून भुवया उंचावल्या, मी त्याला निवृत्तकाकांचा अनुभव वाचायला दिला.

परवा रात्री अकराला मदत केंद्राचा नंबर मुद्दाम फिरवून पाहिला. चार मिनिटांनी माणूस आला, पण आला. तो नंबर मी सासऱ्यांच्या गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. त्यांनी लगेच त्याखाली स्वतःच्या अक्षरात सुनेचा नंबरही लिहिला. मी म्हटलं, बाबा, मी तर तुमच्यासोबतच असणार आहे. तर म्हणाले, "त्यांनी चार मिनिटं घेतली ना, तोवर तुला लावतो."