पोकळ आश्वासनांवरचं गाणं भाषण होतंय

टिपरी: पथनाट्यासाठी केरव्यात (आठ मात्रांच्या तालात) गाणं लिहितेय. ‘व्यवस्था’, ‘भ्रष्टाचार’ आले की चाल अडते. काय बदलू?

लघुगुरू: मात्रा मोजा: ऱ्हस्व अक्षराची १, दीर्घाची किंवा जोडाक्षराआधी जोर येणाऱ्याची २. ‘भ्रष्टाचार’ ७ मात्रांचा, म्हणजे केरव्याच्या ८ पैकी ७ एकटाच खातो आणि चित्र काही देत नाही. उलट ‘नळ आले, पाणी नाही’: २+४+४+४, एकूण १४. दोन आवर्तनांतल्या (तालाच्या दोन फेऱ्यांतल्या १६ पैकी) उरलेल्या २ मात्रा रिकाम्या सोडा, तिथेच ओळ बोचते.

ओसरी: वचन आणि वचनभंग एकाच ओळीत हवेत. ‘सिंहासन’ चित्रपटातलं (१९७९) सुरेश भटांचं गाणं बघा, उषःकाल होता होताच काळरात्र होते. तीन कडवी आश्वासनं आणि चौथ्यात फसवणूक असं रचलंत, तर चौकातली गर्दी तोवर पांगते.

लघुगुरू: ध्रुपदात (दर कडव्यानंतर परत येणाऱ्या ओळीत) शिव्या नकोत (पथनाट्यांची जुनी खोड!). पुढाऱ्याचं आश्वासनच जसंच्या तसं ठेवा. दर कडव्यानंतर ते जास्त खोटं वाजतं.

टिपरी: शेवट आशेचा करू?

ओसरी: ओढूनताणून नको. भटांनी मशाली ध्रुपदातच पेटवायला सांगितल्यात, म्हणून त्यातली आशा मागून जोडलेलं शेपूट वाटत नाही.