पवनचक्कीतलं पावसाचं गाणं नेमकं कुणाचं?

मांजराकाठ (लातूर)

आत्याचा पोरगा सुट्टीला आमच्याकडं आलाय. दुपारभर 'ऑकारिना ऑफ टाईम' खेळतो. मी हा खेळ हॉस्टेलवर असताना इम्युलेटरवर, म्हणजे जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, पूर्ण केला होता, त्यामुळं तो अडला की मला हाक मारतो. परवा पवनचक्कीचा प्रसंग झाला आणि त्यानं खेळ थांबवून विचारलं, "दादा, मग हे गाणं आधी आलं कुठून?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच फिरतंय. आता माझं एक मत झालंय, ते मांडतो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेतला हा १९९८ चा खेळ. नायक लिंक. त्याच्याजवळ ऑकारिना असते, म्हणजे हातात मावणारं, भोकांचं फुंकवाद्य. तिच्यावर ठरावीक सूर वाजवले की काहीतरी घडतं. एका चालीनं घोडी धावत येते, एकीनं रात्रीचा दिवस होतो. 'सॉन्ग ऑफ स्टॉर्म्स' वाजवलं की पाऊस येतो.

हे पावसाचं गाणं लिंकला मिळतं कसं, तेच सगळ्यात नवलाचं आहे. मोठा झालेला लिंक काकारिको गावच्या पवनचक्कीत जातो. तिथं हाताने फिरवायची पेटी वाजवणारा एक माणूस असतो. तो चिडलेला. म्हणतो, सात वर्षांपूर्वी एक पोरगं ऑकारिना घेऊन आलं, एक विचित्र गाणं वाजवलं आणि माझ्या चक्कीचा सत्यानाश केला, ते गाणं मी जन्मात विसरणार नाही. लिंक त्याच्याकडून ते गाणं शिकतो. मग सात वर्षं मागं जातो, पुन्हा पोर होतो, त्याच पवनचक्कीत जाऊन तेच गाणं वाजवतो. म्हणजे चिडलेल्या माणसाला गाणं दिलं ते लिंकनं, आणि लिंकला दिलं ते त्या माणसानं. दोघांपैकी कुणीच रचलेलं नाही.

बरेच जण याला कथेतली चूक म्हणतात. मला वाटतं, गाण्याबद्दल या खेळानं सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे. माझी आज्जी पहाटे जात्यावर ज्वारी दळायची. तिच्या ओव्या तिच्या आईच्या, आईच्या तिच्या सासूच्या. कुठल्या ओवीचा धनी कोण, हा प्रश्नच तिथं नव्हता. पाऊस लांबला की आमच्या गल्लीत एका पोराला लिंबाच्या पाल्यात गुंडाळून घरोघर न्यायचे, 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणायचे आणि बाया त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या. ते कुणी रचलं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनी. पवनचक्कीतलं गाणंही तसंच आहे. तिथंही एक गोल फिरणारी चक्की आहे आणि तिच्याजवळ बसून गाणारं माणूस आहे.

खेळगडी (छत्रपती संभाजीनगर)

लेख आवडला, पण एक पुरावा तुमच्या हातून सुटलाय. लहान लिंक गाणं वाजवायच्या आधी त्या पवनचक्कीत गेलात तर पेटीवाला आनंदात असतो. तो काय म्हणतो ते वाचा. गरगर फिरणाऱ्या या चक्कीवरून एक चाल बसवायचा प्रयत्न करतोय, असं तो स्वतः सांगतो. आणि त्या खोलीत तेव्हाही पार्श्वसंगीत म्हणून तीच चाल वाजत असते. म्हणजे लिंकनं ऑकारिना तोंडाला लावायच्या आधीच ती चाल तिथं आहे.

माझ्या मते तोच रचनाकार. लिंकनं जे वाजवलं ते त्याचंच अर्धवट गाणं होतं, पूर्ण होऊन परत आलेलं.

शिवाय याच मालिकेतल्या २००० च्या 'मेजोराज मास्क' या खेळात हेच गाणं एका मेलेल्या संगीतकाराच्या भुताकडून मिळतं, नाव फ्लॅट. त्याचा थोरला भाऊ शार्प. दोघंही संगीतकार. तिथं वर्तुळ वगैरे काही नाही.

मांजराकाठ

पार्श्वसंगीत खेळणाऱ्याला ऐकू येतं, पात्रांना येतंच असं नाही. जंगलात जी धून चालते ती झाडं थोडीच वाजवतात. पण चाल बसवायचं तो स्वतः म्हणतो, हे मला आठवत नव्हतं. हा मुद्दा भारी आहे.

गोदाकाठची (गंगाखेड)

मी पूर्ण असहमत आहे, आणि खेळापेक्षा तुमच्या आज्जीबद्दल जास्त असहमत आहे.

मी गंगाखेडची. जनाबाई आमच्या गावची. दळण-कांडण करणारी बाई, नामदेवांच्या घरची दासी. तिनं प्रत्येक अभंगात स्वतःचं नाव घातलं. 'जनी म्हणे', 'नामयाची जनी'. जात्यावर बसणाऱ्या बाईला आपलं नाव टाकायची गरज वाटत नव्हती, असं जे तुम्ही म्हणायलात, त्याला सातशे वर्षांपूर्वीच तिनं उत्तर दिलंय. मग बाकीच्या बायांची नावं का नाहीत? त्यांनी घातली नाहीत म्हणून, की कुणी लक्षात ठेवली नाहीत म्हणून?

हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यात आपल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे. कारण गोळा करणाऱ्यांनी विचारलं. तुमच्या आज्जीला कधी कुणी विचारलं होतं का?

हे मी जिवाला लागलेलं बोलतेय. माझ्या मावशीनं रचलेली एक गौळण एका कंपनीच्या कॅसेटवर 'पारंपरिक' म्हणून आली. गाणारा दुसराच. कंपनीचं नाव घेत नाही. पंचमीच्या खेळात मावशीनं ती पहिल्यांदा म्हटली तेव्हा अंगणात मी होते, मला कडव्यांचा क्रमसुद्धा पाठ आहे. पण कॅसेट आल्यावर लोक तिलाच सांगायला लागले की तू कॅसेटवरचं म्हणतेस. बघा, हे तुमच्या पवनचक्कीचंच वर्तुळ. ज्याच्याकडून गाणं गेलं त्यालाच ते बाहेरून आलं असं सांगितलं जातं.

आणि खेळाचं म्हणाल तर त्या गाण्याला चक्क कर्ता आहे. कोजी कोन्दो. १९८६ च्या पहिल्या झेल्डापासून तो या मालिकेला संगीत देतोय. कुणाचंच नाही असं म्हणताना तुम्ही त्याचंही नाव घेतलं नाहीत.

कोरडवाहू (बीड)

ताईंशी सहमत. वाचून गप्प बसावं वाटलं होतं, पण एक वेगळी गोष्ट बोलायची आहे, सवडीनं लिहितो.

तीनताल (नांदेड)

मी पेटी शिकवतो. हा धागा वाचून खेळ मुद्दाम बघितला आणि चाल पेटीवर काढली.

त्या ऑकारिनाला पाच बटणं, म्हणजे पाच सूर. सगळ्यात खालच्या सुराला सा धरा, की ते येतात सा, कोमल ग, प, शुद्ध ध, तार सा. एवढ्यावरच डझनभर चाली बसवल्यात, ही कमाल आहे. पावसाचं गाणं वाजवायला फक्त सहा सूर लागतात. सा, कोमल ग, तार सा. पुन्हा सा, कोमल ग, तार सा. तेवढे दाबले की पुढचं खेळच वाजवतो. पुढची ओळ वर रें आणि कोमल गं यांच्यात झुलते आणि कोमल नी घेऊन पंचमावर उतरते. लय तीनाची, तबल्यावर दादरा सहज बसतो. धैवत त्या मुख्य चालीत नाहीच. मल्हार या पावसाच्या रागाशी नातं जोडायचा मोह होईल, कारण कोमल ग आणि कोमल नी म्हटलं की कान काफी थाटाकडं, म्हणजे त्या सुरांच्या रागांच्या गटाकडं, जातो आणि मियाँ मल्हारही काफीतलाच. पण चलन मल्हाराचं नाही. मल्हारातला गंधार आंदोलित, म्हणजे हळू हेलकावणारा, असतो, इथला गंधार उडी मारायची पायरी आहे.

आता मुद्दा. मांजराकाठ, तुमची तुलना एका ठिकाणी तुटते. ओवी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना बदलते. शब्द घसरतो, एखादा हेल वाढतो, लेकीच्या सासरचं गाव आत येतं. पवनचक्कीच्या वर्तुळात मात्र एक सूरही बदलू शकत नाही. बदलला तर लिंक बदललेलं शिकेल, बदललेलं वाजवेल, आणि मग ते आधीच तसं असायला हवं होतं. जी चाल कधी झिजत नाही, जिच्यात कुणी भर घालू शकत नाही, ती लोकगीत कशी?

मात्र वर्तुळात अडकलेत ते सहाच सूर. लिंकच्या बोटांनी एवढेच वाजतात. बाकीची झुलणारी ओळ, तो दादरा, ती कुणाची? खेळगडींनी सांगितलेलं वाक्य खरं धरलं तर तो माणूस आधीपासून चक्कीवर चाल शोधत होता. पोरगं येऊन सहा सूर टाकून गेलं. पुढच्या सात वर्षांत त्यानं रागाच्या भरात का होईना, तेच घोळवलं आणि पुरं गाणं झालं. माझ्याकडं शिकणारी पोरं असंच करतात. मी मुखडा देतो, अंतरा ती घरून घेऊन येतात.

अवांतर: याच मालिकेतली झेल्डा राजकन्येच्या अंगाईची चाल २०११ च्या 'स्कायवर्ड स्वॉर्ड'मध्ये उलटी करून देवीचं गाणं म्हणून आली आहे. शेवटाकडून सुरुवातीकडं. हे आपोआप होत नाही, कुणीतरी बसून केलेलं असतं.

खेळगडी

मुखडा-अंतरा पटलं. पण मग ते सहा सूर तरी कुठून आले, हा आत्याच्या पोराचा प्रश्न तसाच राहतो.

कोरडवाहू

लिहितो म्हणालो होतो. मी शेती करतो, हा खेळ धाकट्या भावासोबत खेळलोय.

गाणं कुणाचं यावर एवढं बोलायलात, पण त्या गाण्यानं त्या दिवशी काय केलं ते कुणी बोललं नाही. पोरानं पवनचक्कीत पावसाचं गाणं वाजवलं. चक्की जोरात फिरली. आणि गावातली विहीर आटली. आटली म्हणून लिंकला विहिरीच्या तळाशी उतरता आलं आणि 'लेन्स ऑफ ट्रुथ' हे दडलेलं दाखवणारं भिंग मिळालं. त्याला विहीर रिकामीच हवी होती.

पावसाच्या गाण्यानं विहीर आटते, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रिमोट खाली ठेवला होता. आमच्या शिवारात हेच झालंय. जास्त पाणी काढणारं यंत्र आलं, बोअर पाचशे फुटांवर गेला आणि शेजारची आडाएवढी जुनी विहीर कोरडी पडली. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. लातूरकरांना ती गाडी आठवत असेल. २०१५ ला आणि २०१९ ला औरंगाबादहून विमानं उडवून ढगांत बी पेरलं. पाऊस पाडायच्या तऱ्हा झाल्या, विहिरीची विचारपूस कुणी केली नाही.

म्हणून मला धोंडीची तुलनाच पटत नाही. धोंडी निघते तेव्हा घरात घागरभर पाणी उरलेलं असतं. त्यातलं तांब्याभर बाई त्या पोराच्या अंगावर ओतते. म्हणजे सगळं गाव आपलं उरलंसुरलं देऊन मागतं. लिंक एकटा येतो, कुणाला विचारत नाही, वाजवतो, आपलं काम करून जातो. चिडलेला पेटीवाला सात वर्षं त्याच पोराला धरून बसतो आणि आपण त्याला चिडका म्हणून हसतो. माझ्या हिशेबानं त्याचं काय चुकलं?

गाणं कुणी रचलं ते राहू द्या. ज्यानं वाजवलं त्याचं ते आहे, आणि विहीरही त्याच्याच नावावर लागली पाहिजे.

'मेजोराज मास्क'मध्ये मात्र हेच गाणं वाजवून पेरलेल्या बीला पाणी देता येतं. तिथं मला ते गाणं आवडतं.

गोदाकाठची

कोरडवाहू दादा, विहिरीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण बघा, तुम्हीसुद्धा शेवटी नावच मागताय.

मांजराकाठ

तीनताल सर, झीज नसलेलं गाणं लोकगीत होत नाही, हे मान्य. माझी तुलना तिथं मोडली. सहा सूर बिनधन्याचे आणि बाकीचं त्या माणसाचं, ही मांडणी माझ्या मूळ मतापेक्षा चांगली आहे. तरी ते सहा सूर मी कुणाच्या नावावर करणार नाही. कोजी कोन्दोनं ती चाल रचली हे खरंच, आणि त्याचं नाव मी लिहायला हवं होतं. पण त्यानं खेळाच्या आत मुद्दाम अशी जागा ठेवली की जिथं चाल आहे आणि चालकर्ता नाही, असं मला अजूनही वाटतं.

ताई, तुमच्या प्रश्नावर काल रात्री आत्याला विचारलं. आज्जीच्या ओव्या तिला सोळा-सतरा आठवतात. त्यातल्या पावसाच्या दोन ओव्या आज्जीच्या नाहीत, असं ती म्हणाली. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर आज्जीसोबत खडी फोडायला निलंग्याकडची एक बाई होती, तिनं त्या जोडल्या होत्या. आज्जी त्या म्हणताना दर वेळी आधी त्या बाईचं नाव घ्यायची. मी ते लहानपणी ऐकलं असणार, मला ते ओवीचाच शब्द वाटायचं.

आत्यालाही ते नाव आठवेना. मोठ्या काकूला आठवत असेल, त्या उदगीरला असतात. रविवारी पोराला सोडायला तिकडंच जातोय.

तीनताल

जाताना फोनवर रेकॉर्ड करून आणा. नावासकट.