ईएममधला ‘ई’: एक्स्पेक्टेशनला अपेक्षा म्हणावं का?

नांदेडहून

नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षासाठी मराठीतून टिपणं काढायचं काम हाती घेतलंय. विषय आहे गॉशियन मिश्रण, म्हणजे घंटेच्या आकाराचे दोन-तीन वक्र एकत्र करून डेटाचा आलेख मांडणं, आणि ते संगणकावर बसवायची ईएम पद्धत. वर्गातली बरीच मुलं मुखेड, किनवट, कंधार या भागांतली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. सूत्रं त्यांना कळतात. अडतात ती शब्दांपाशी.

ईएम म्हणजे एक्स्पेक्टेशन मॅक्झिमायझेशन. मॅक्झिमायझेशनला ‘कमालीकरण’ चालून जातं, कारण कमाल-किमान तापमान रोज बातम्यांत ऐकलेलं असतं. पण पहिल्या शब्दाला मी ‘अपेक्षा’ लिहिलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, अपेक्षा कोणाची? आपली की संगणकाची?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत अपेक्षा माणूस ठेवतो, आणि ती पुरी होते नाहीतर भंगते.

दुसरी अडचण लाइकलीहुडची. प्रोबॅबिलिटीला दहावीच्या पुस्तकातच ‘संभाव्यता’ शब्द आहे. मग लाइकलीहुडला काय म्हणायचं? आणि कन्व्हर्ज होण्याला ‘अभिसरण’ म्हटलं की मुलांना रक्ताभिसरण आठवतं, म्हणजे गोल गोल फिरत राहणं. इथे अर्थ नेमका उलटा, एका जागी येऊन थांबणं. तुम्ही लोक कामात काय वापरता?

लातूरहून

मॅडम, आम्ही कंपनीत सरळ इंग्रजी शब्दच वापरतो. पडद्यावर इशारा येतो तो ‘कन्व्हर्जन्स वॉर्निंग’ असाच येतो. मुलांना उद्या तोच वाचायचाय. मराठी शब्द घडवत बसलात तर त्यांना दोन-दोन शब्द पाठ करावे लागतील. देवनागरीत लिहा, अर्थ समजावून सांगा, पुरे.

परभणीहून

लातूरकर दादांचं अर्धं पटतं. गॉशियन, कोव्हेरिअन्स हे शब्द तसेच राहू द्यात. पण पायऱ्यांची नावं मराठीत असावीत असं मला मनापासून वाटतं, कारण पायरीचं नाव कळलं तर पायरी कळते.

मी बियाण्याचं काम करतो. दोन वाणांच्या सोयाबीनची पोती एकमेकांत मिसळली असली आणि दाण्याच्या रंगावरून फरक दिसत नसला, तर दर पोत्यातून शंभर दाण्यांचा एक नमुना घेऊन वजनांचा आलेख काढतो. आलेखाला दोन उंचवटे दिसले की मिश्रण बसवायचं. सध्या तसाच एक डेटा बसवायलोय, म्हणून हे ताजं आहे.

समजा, पहिल्या वाणाची सरासरी १० ग्रॅम धरली, दुसऱ्याची १३ ग्रॅम. दोन्हींचं प्रमाण विचलन १, आणि दोन्ही वाण निम्मे निम्मे. आता एक नमुना ११.२ ग्रॅमचा निघाला. तो कोणाचा? के-मीन्स ही गट पाडायची साधी पद्धत म्हणेल, १० जवळ आहे, टाका पहिल्यात. ईएम असं टाकत नाही. पहिल्या वक्राची ११.२ ला उंची काढतो, दुसऱ्याचीही काढतो आणि दोन्हींची बेरीज करून प्रत्येकाचा भाग किती ते बघतो. इथे पहिल्याकडे ०.७१ येतं, दुसऱ्याकडे ०.२९. नमुना बरोबर १० ग्रॅमचा असता तर पहिल्याकडे ०.९९ गेलं असतं. ११.५ चा असता तर निम्मं निम्मं.

या ०.७१ ला इंग्रजी पुस्तकांत रिस्पॉन्सिबिलिटी म्हणतात. ‘जबाबदारी’ म्हणू नका, पोरांना काहीच कळणार नाही. ‘वाटा’ म्हणा. प्रत्येक नमुन्याचे वाटे पडतात आणि त्यांची बेरीज १ होते. मग ई पायरीला ‘वाटणी’ म्हणता येतं आणि एम पायरीला ‘बसवणी’, कारण तिथे आलेल्या वाट्यांवरून वक्र नव्यानं बसवायचे असतात.

बसवणीही दाखवतो. तीनच नमुने घेऊ: १०, ११.२ आणि १३.४ ग्रॅम. पहिल्या वाणाचे वाटे आले साधारण ०.९८९, ०.७११ आणि ०.००३. वजनाला वाट्यानं गुणायचं, बेरीज करायची आणि वाट्यांच्या बेरजेनं भागायचं. पहिली सरासरी १० वरून १०.५१ वर गेली, दुसरी १३ वरून १२.८८ वर आली. के-मीन्सनं पहिल्या दोघांना एका गटात कोंबून १०.६० दिलं असतं आणि दुसऱ्या गटात एकटा १३.४० राहिला असता. वाटे पाडले की ११.२ चा नमुना दुसऱ्या सरासरीलाही आपल्याकडे ओढतो, म्हणून ती खाली येते. विचलनं आणि प्रमाणंही याच वाट्यांवरून नवी काढायची, की पुन्हा वाटणी. हे एकदा कागदावर केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बीडहून

‘वाटा’ छान आहे, पण एक शंका. वाट या शब्दाचंही अनेकवचन वाटा होतं. ‘दोन वाटा’ म्हटलं तर दोन रस्ते. ‘हिस्सा’ का नको? आपल्याकडे शेताचे हिस्सेच असतात, आणि दखनी बोलणाऱ्यांच्या घरातही तोच शब्द आहे.

परभणीहून

हिस्सा चालेल, पण हिस्सा एकदा पडला की कागदावर कायमचा होतो, भावाभावांत भांडणं होतात. इथे तर दर फेरीला बदलतो. आणि ‘यात त्याचा वाटा किती’ हे आपण बोलतोच. अनेकवचन ‘वाटे’ लिहिलं की गोंधळ होत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून

चर्चा चांगली चालली आहे. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, म्हणून दोन मुद्दे मांडतो.

पहिला. ‘वाटणी’ हे नाव मला आवडलं, पण ते मिश्रणापुरतंच आहे. डेम्पस्टर, लेअर्ड आणि रूबिन यांनी १९७७ साली ईएम हे नाव देऊन जो निबंध लिहिला, त्यात मिश्रण हा अनेक उदाहरणांतला एक भाग होता. मूळ प्रश्न अपुऱ्या माहितीचा होता: काही नोंदी गहाळ आहेत किंवा एखादी गोष्ट मोजताच येत नाही. आपल्या उदाहरणात न दिसणारी गोष्ट म्हणजे नमुना कोणत्या वाणाचा. पहिल्याचा असेल तर १ लिहा, नसेल तर ०. हा आकडा आपल्याला दिसत नाही, पण वजन ११.२ आहे हे ठाऊक असताना तो सरासरीनं किती येईल ते काढता येतं. ते उत्तर ०.७१. संख्याशास्त्रात एक्स्पेक्टेशन म्हणजे हीच ‘सरासरीनं येणारी किंमत’, आशा-आकांक्षांशी तिचा संबंध नाही. म्हणून धड्याच्या शीर्षकात ‘अपेक्षित मूल्य’ असं पूर्ण लिहावं. नुसतं ‘अपेक्षा’ लिहू नये. खाली मिश्रणाच्या भागात ‘वाटणी’ यावी. दोन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत हे मुलांना त्या ०.७१ वरूनच दाखवता येईल.

दुसरा मुद्दा लाइकलीहुडचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात हा शब्द प्रोबॅबिलिटीपासून मुद्दाम वेगळा केला. प्राचल, म्हणजे सरासरी-विचलनासारखे वक्राचे आकडे, ठरलेले असतात तेव्हा कोणता डेटा येईल हा संभाव्यतेचा प्रश्न. डेटा हातात असतो आणि कोणते प्राचल त्याला शोभतात हा लाइकलीहुडचा प्रश्न. दोन्हींना ‘संभाव्यता’ म्हटलं तर फिशर यांनी केलेला भेद आपणच पुसून टाकू. ‘शक्यता’ही नको, ती पावसाची असते. मी वर्गात ‘अनुरूपता’ म्हणत असे. हे प्राचल या डेटाला किती अनुरूप आहेत, असं वाक्य सहज होतं.

लातूरहून

सर, अनुरूपता म्हटलं की भूमितीतली समरूपता आठवते. एवढा भेद करायची खरंच गरज आहे का?

छत्रपती संभाजीनगरहून

गरज आहे. तुम्ही पायथनमधलं साइकिट-लर्न वापरत असाल, तर एक प्रयोग करून बघा. तोच डेटा एकदा ग्रॅममध्ये द्या, एकदा मिलिग्रॅममध्ये, आणि एकदा किलोग्रॅममध्ये. प्रेडिक्ट-प्रोबा (नमुन्याचे वाटे) आणि स्कोअर (दर नमुन्यामागचा अनुरूपतेचा लॉग) या दोन्हींचे आकडे लिहून काढा. किलोग्रॅमच्या वेळी विचलनाचे आकडे फार बारीक होतात, तेव्हा रेग-कोव्हार, म्हणजे विचलनाच्या वर्गात मिळवला जाणारा छोटा आकडा, शून्य ठेवा.

लातूरहून

केलं सर. ग्रॅम असो, मिलिग्रॅम असो की किलो, प्रेडिक्ट-प्रोबाचे वाटे तेच राहिले. स्कोअर मात्र हलला. ग्रॅमचे किलो केले की दर नमुन्यामागे सुमारे ६.९१ नं वाढतो, मिलिग्रॅम केले की तेवढाच घटतो. किलोमध्ये तर तो शून्याच्या वर गेला. लॉग शून्याच्या वर म्हणजे आतला आकडा १ च्या वर, आणि संभाव्यता १ च्या वर जाऊच शकत नाही. कारण शोधलं: तो वक्राच्या उंचीचा लॉग आहे आणि उंचीला १ ची मर्यादा नाही. प्रमाण विचलन ०.१ असलं तर गॉशियन वक्राचा माथाच ३.९९ वर असतो. एकक हजारपट बदललं की उंचीही हजारपट बदलते, आणि १००० चा नैसर्गिक लॉग ६.९०८.

पटलं. एक आकडा संभाव्यता आहे, दुसरा नाही. दोन शब्द हवेतच. माझं मत अनुरूपतेला.

धाराशिवहून

माझी भर सुरुवातीच्या अंदाजाविषयी. इनिशियल गेसला ‘नजर अंदाज’ म्हणा. आपल्या भागात पिकांची पैसेवारी अशीच ठरते: आधी नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की वर गेली याकडे सगळ्या गावाचं लक्ष असतं, त्यामुळे हा शब्द शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. फक्त दोन शब्द वेगळे लिहा. जोडून लिहिलं की हिंदीतलं ‘दुर्लक्ष करणं’ डोळ्यांपुढे येतं.

परभणीहून

झकास शब्द. आणि ईएममध्ये नजर अंदाजाला फार किंमत आहे हेही टिपणात लिहा मॅडम. साइकिट-लर्न आपण काही न सांगता के-मीन्सवरून सुरुवात करतं आणि एकदाच करतं. तेवढ्यावर भागत नाही. सुरुवात बदलली की उत्तर बदलू शकतं. एन-इनिट १० ठेवा, म्हणजे दहा सुरुवाती करून ज्याची अनुरूपता जास्त ते उत्तर तो ठेवतो. आर भाषेतलं एमक्लस्ट हे पॅकेज वेगळ्या रीतीनं सुरुवात करतं: दर नोंदीत एकाहून जास्त मोजमापं असली तर जवळच्या नोंदी जोडत जोडत गट करून.

छत्रपती संभाजीनगरहून

यातूनच अभिसरणाचा प्रश्न सुटतो. ईएमची हमी एवढीच, की दर फेरीला अनुरूपता वाढते किंवा तेवढीच राहते, घटत नाही. सर्वांत उंच जागा सापडेलच अशी हमी कुणी दिलेली नाही. १९७७ च्या निबंधातली अभिसरणाबाबतची सिद्धता सदोष होती. ती १९८३ साली वू यांनी दुरुस्त केली. म्हणून मी ‘स्थिरावणे’ हा शब्द वापरेन. ‘पोहोचणे’ नको, पोहोचणे म्हटलं की मुक्काम गाठला असं वाटतं. साइकिट-लर्नमध्ये दर नमुन्यामागची सरासरी वाढ ०.००१ पेक्षा कमी झाली की स्थिरावलं असं धरतात. १०० फेऱ्यांत तसं झालं नाही तर लातूरकर म्हणतात तो इशारा येतो. त्याचं मराठी ‘अजून स्थिरावलं नाही’. फेऱ्या वाढवा किंवा नजर अंदाज बदला.

बीडहून

मूळ शब्दाचंही बोलू. गॉशियनला काही जण ‘प्रसामान्य’ म्हणतात. मी गॉशियनच ठेवेन, सॉफ्टवेअरमध्ये तेच नाव आहे. ‘मिश्रण’ मात्र उत्तम, बदलू नका. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये नेपल्सच्या खेकड्यांची मापं अभ्यासाला घेतली. ती प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी मोजली होती. एका वाकड्या आलेखातून पिअर्सननी दोन गॉशियन वेगळे काढले, आणि त्यासाठी नवव्या घाताचं समीकरण हातानं सोडवावं लागलं. मुलांना हे जरूर सांगा. आज दोन ओळींत होतं त्याच्यामागे केवढं कष्टाचं काम आहे ते कळेल.

नांदेडहून

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षकात ‘अपेक्षित मूल्य’, आत वाटणी आणि बसवणी, लाइकलीहुडला अनुरूपता, कन्व्हर्जला स्थिरावणे, सुरुवातीला नजर अंदाज. किलोग्रॅमचा प्रयोग मी प्रात्यक्षिकातच घेते, सांगण्यापेक्षा तो करून बघण्यासारखा आहे. दोन गोष्टी राहिल्या. मिश्रणात घटक, म्हणजे वक्र, किती हे ठरवताना बीआयसी (अनुरूपता आणि प्राचलांची संख्या दोन्ही जोखणारा आकडा) बघायला सांगते, पण दोन मुलांची उत्तरं उलटी आली. आणि एखादा घटक एकाच नमुन्यावर जाऊन बसतो, त्याला काय म्हणायचं?

परभणीहून

बीआयसीचं उत्तर शब्दात नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. साइकिट-लर्नमध्ये लहान बीआयसी चांगला, एमक्लस्टमध्ये मोठा चांगला, कारण त्यांनी चिन्ह उलटं घेतलंय. एक पोरगं पायथनवर असेल, दुसरं आरवर. वहीत आकड्याशेजारी सॉफ्टवेअरचं नाव लिहायला लावा.

दुसऱ्याला आम्ही ‘घटक चिकटला’ म्हणतो. सरासरी त्या एका नमुन्यावर जाते, विचलन शून्याकडे जातं आणि अनुरूपता वाढतच राहते, तिला वरची हद्दच उरत नाही. आकडा बघून वाटतं लई भारी बसलंय, पण ते उत्तर कामाचं नसतं. म्हणूनच साइकिट-लर्न कोव्हेरिअन्सच्या कर्णावर (एकच मोजमाप असलं तर विचलनाच्या वर्गात) ०.०००००१ मिळवून ठेवतं. संभाजीनगरच्या सरांनी प्रयोगात शून्य करायला सांगितलेलं रेग-कोव्हार ते हेच. प्रयोग झाला की ते पुन्हा जागेवर ठेवायला सांगा. आणि डेटा किलोत असेल तर तेवढाही आकडा मोठा पडतो, तेव्हा वजनं ग्रॅममध्येच द्या.